ते तू घरून लिहून आणलं नव्हतं

दोन हजार बारा साल होतं. मी साठ वर्षांचा होतो. या वयात माणसाला अक्कल आलेली असते म्हणतात. वर्षावासाचा दुसरा महिना चालू होता. विहारात संध्याकाळच्या वाचनाला चाळीसेक माणसं बसली होती, बाया डाव्या अंगाला, बाप्ये उजव्या अंगाला. तू खाली पाटावर ग्रंथ ठेवून वाचत होती आणि मी खुर्चीवर, समजावून सांगायला. त्या चाळीस माणसांसमोर मी तुला म्हटलं, "हे तुनं घरून लिवून आनलं का वं?"

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. विहाराच्या समितीतल्या पोरांनी म्हटलं, स्मरणिकेत छापायला दोन शब्द लिहून द्या. मी वही घेऊन बसलो. एक पान लिहायला मला एक तास लागतो. काना-मात्रा सून पाहते. शब्दाला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावून ठेवलं आहे. तुझा जन्म कुठचा, लग्न कधी झालं, हे सगळं लिहायला दुसरे आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे. चाळीस माणसांत मी तुला खोटं ठरवलं. ते खोटं मला चाळीस माणसांतच खोडायचं होतं. बारा वर्षं हाती होती. खोडलं नाही.

आणि तुझं नाव. पन्नास वर्षं मी तुला 'अवं' म्हणून हाक मारली, नाही तर 'सुधीरची माय'. नाव घ्यायची आपल्यात रीत नव्हती, आणि मला लाजही वाटायची. इथं लिहितो. सुमन.

सुमन, तुला आठवते का, लग्न करून आली तेव्हा तू काय वाचायची? पुडी. किराण्याच्या दुकानातून मीठ, हळद, चहापत्ती पेपरच्या कागदात बांधून यायची. तू सामान डब्यात ओतायची, कागद मांडीवर ठेवून हातानं सरळ करायची आणि तिथंच चुलीसमोर वाचत बसायची. चौथी शिकलेली होती तू, नाचणगावच्या शाळेत. मी दोन वर्गही पुरे केले नव्हते. पुलगावच्या कापसाच्या जिनात कामाला होतो. रुईच्या गाठीवरचा मार्का ओळखायचो, एसटीची पाटी वाचायचो, आणि तेवढ्यावर आपण लई शिकलो असं समजायचो.

एक दिवस मी घरी आलो तर तू रागात. मला वाटलं माझ्या मायनं काही म्हटलं असेल. तर तू कागद दाखवून म्हणाली, "पाहा ना जी. मानूस विहिरीत पडला, लोकं दोर घेऊन धावले, अन् इथंच कागद फाटला. आता त्याचं काय झालं, कसं समजाचं?"

"तो का तुह्या मामाचा पोरगा होय?"

"मामाचा असो नाई तं कोनाचा. निंगाला का नाई निंगाला?"

तू दोन दिवस तेच घेऊन बसली. जेवताना तेच. तिसऱ्या दिवशी जिनातून सुटल्यावर मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, परवाच्या पेपरचा दुसरा अर्धा दे. तो हसला. म्हणाला, त्यात मिरची गेली कोणाची तरी. मी घरी येऊन तुला सांगितलं, "निंगाला तो मानूस. म्या वाचलं." तू माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमाले कवापासून वाचता आलं बाप्पा?" आणि हसायला लागली. मी चिडलो. तीन कोस तंगडतोड करून आलो आणि वरून हे. तेव्हापासूनच तुझं वाचणं मला थोडं टोचत होतं, हे आज कबूल करतो.

पण मी बोलायला वाघ होतो. जिनात मशीनचा एवढा आवाज असतो की तिथं वीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. जयंती असो, कोणाचं लग्न असो, मयत असो, दोन शब्द बोलायला मीच उठायचो. हातात कागद नाही, समोर माईक नसला तरी चालते. विहाराच्या समितीत मला त्याच्यामुळंच घेतलं. आणि आपल्याकडची रीत अशी की आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात ग्रंथ वाचायचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या बोलीत समजावून सांगायचं. गावातले मास्तर वाचायचे, मी सांगायचो. मास्तरांचं वाचणं शाळेतल्यासारखं, एकसुरी. लोकं पेंगायची. मी उठलो की जागी व्हायची. मला वाटायचं, ग्रंथ म्हणजे मीच.

मास्तरांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर काही दिसेना. तेव्हा त्यांनीच तुझं नाव सुचवलं. म्हणाले, "अहो, तुमच्या घरी वाचणारी आहे ना." मी म्हटलं, ती पुड्या वाचते, ग्रंथ नाही. लोकं हसली. तू त्यांच्यातच बसली होती.

पहिल्या दिवशी तू उभी राहिली तेव्हा तुझा पदर थरथरत होता. माईक तोंडासमोर आणला तर तू मागं सरकली, पुन्हा आणला, पुन्हा सरकली. माईकवाला म्हणाला, "काकू, चावत नाई थो." चार ओळी वाचल्या आणि पाणी मागितलं. रस्त्यानं घरी येताना मी तुला काय म्हटलं? "अंगणवाडीत नाव टाकतो तुहं." मला वाटलं, सुटलो. उद्यापासून ही जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर घरातून कोणी तरी बोलत होतं. आवाज घुमत होता, जसा विहिरीतून यावा. आत जाऊन पाहतो तर तू गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत डोकं घालून उभी. कोठी रिकामी होती. आत तोंड घालून तू मोठ्यानं वाचत होती.

"अवं, येडी झाली का? काय पडलं आत?"

तू डोकं बाहेर काढलं. केसाला भुसा. म्हणाली, "आपलाच आवाज आपल्याले आयकू आला का भेव वाटते जी. म्हनून त्याची सवय करून राह्यली."

मी तेव्हा हसलो, आणि ही गोष्ट जिनातल्या सगळ्या जुन्या सोबत्यांना सांगितली. नामदेव हमाल तर तुला पाहिलं की विचारायचा, "वहिनी, कोठी रिकामी हाय का भरली?" तू त्यालाही हसून उत्तर द्यायची, "भरली तं डोक्यात भरली भाऊजी." पंधरा दिवसांत तुझा आवाज बसला. महिन्याभरात मास्तरांपेक्षा बरी वाचायला लागली. कुठं थांबायचं, कुठं हळू व्हायचं, ते तुला कोणी शिकवलं मला माहीत नाही. ज्या बाया लेकरं झोपवायच्या नावाखाली येत नव्हत्या त्या लेकरं घेऊन येऊ लागल्या. लोकं तुझ्या वाचण्याला जागी राहायची आणि मी बोलायला उठलो की कोणी तरी जांभई द्यायचं. ते मी पाहत होतो. ते मला दिसत होतं, सुमन.

आता तो दिवस.

विहाराचा ग्रंथ जुना. पत्रे गळायचे तेव्हा एकदा भिजलेला. मधली दोन पानं एकमेकाला चिकटलेली होती. मास्तर त्या ठिकाणी आले की दोन्ही पानं मिळून एकच पान म्हणून उलटवायचे. संसारी माणसानं कोणाशी कसं वागावं, ते तिथं आहे. अलीकडच्या पानावर शिष्यानं गुरूशी कसं राहावं ते संपायचं आणि पलीकडच्या पानावर बायकोनं नवऱ्यासाठी काय करावं ते सुरू व्हायचं. मधलं काय गेलं, कोणाला कळलंच नाही. वीस वर्षं मी तेवढंच समजावून सांगितलं. बायकोनं घर नीट ठेवावं, नवऱ्याची कमाई जपावी, आळस करू नये. एकेक सांगताना मी बायांच्या बाजूला बोट करायचो. बाप्ये माना हलवायचे. वर्षातला माझा आवडता दिवस होता तो.

तू ती पानं सोडवली. घरी शिवायची सुई घेऊन गेली होती म्हणे, दुपारी बसून कडेकडेनं सोडवली, कुठं अक्षर फाटू दिलं नाही. मला सांगितलं नाही. तुला वाटलं असेल, त्यात सांगण्यासारखं काय आहे. आणि संध्याकाळी तू त्या पानावर आली आणि वाचायला लागली की नवऱ्यानं बायकोसाठी काय करावं. तिला मान द्यावा. तिचा अपमान करू नये. घराचा कारभार तिच्या हाती द्यावा. आणखी काय काय.

डाव्या अंगाला आधी चुळबुळ झाली. मग एक बाई हसली. मग सगळ्या हसल्या. लीलाबाई, तुझी जिवाची मैत्रीण, तोंडाला पदर लावून म्हणाली, "पुन्ना वाच वं सुमन, बाप्याईले आयकू नाई गेलं." तू पुन्हा वाचलं. उजव्या अंगाला सगळे माझ्याकडे पाहू लागले. नामदेव म्हणाला, "काऊन बे, वीस वर्सं हे खाऊन गेलता का तू?"

मी खरंच सांगतो, मला वाटलं तू ते मनानं रचलं. मी वीस वर्षं ऐकलेल्या ग्रंथात ते नव्हतं. म्हणून मी बोललो. "हे तुनं घरून लिवून आनलं का वं? ग्रंथात असं काई नाई."

हसणं बंद झालं. तू खाली मान घालून बसली होती. मग तू ग्रंथ उचलला, ते पान उघडं ठेवून माझ्यापुढं धरला आणि हळू म्हणाली, "तुमीच वाचा ना जी."

एवढंच. तू आवाज चढवला नव्हता. पण सगळ्या गावाला माहीत होतं की मला गाठीवरचा मार्का वाचता येतो, ग्रंथाचं बारीक अक्षर नाही. माहीत होतं, पण कोणी तोंडावर बोलत नव्हतं. तू पुस्तक पुढं केलं आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. मी उठलो. चपला हातात घेऊन निघालो. मागून मास्तर म्हणाले, "थांबा हो, मी सांगतो." मी थांबलो नाही.

आजही माझं एक म्हणणं आहे. तू गेली म्हणून ते सोडणार नाही. पुस्तक पुढं करायची गरज नव्हती. 'लिवलं आहे जी इथं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी माझं चुकलं ते सांगतोच आहे, पण हे तुझं. यावर तू आणि मी एकदा बसून भांडायला पाहिजे होतं. घरात आपण कशाकशावर भांडलो. कुलरच्या पाण्यावर, सुधीरच्या पुण्याच्या नोकरीवर, तुरीच्या डाळीत गूळ टाकावा का नाही यावर. या एका गोष्टीवर एक शब्द नाही. तू संध्याकाळी घरी आली, ताट वाढलं. मी जेवलो. झालं.

त्यानंतर मी विहारातल्या वाचनाला गेलो नाही. बारा वर्षावास. लोकं बोलवायला आली, मास्तर स्वतः काठी टेकत आले. मी म्हणायचो, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. खुर्ची होती, सगळ्यांना माहीत होतं.

विहारावर दोन भोंगे होते. आपलं घर चार घरं सोडून. तू वाचायला लागली की मी बाहेर खाटेवर बसून सगळं ऐकायचो. एक ओळ सोडायचो नाही. तू घरी यायची आणि विचारायची, "आयकू आलं का जी?" मी म्हणायचो, "नाई." रोज विचारायची. रोज "नाई." मग तुला वाटलं की खरंच येत नसेल. तू माईकवाल्याला सांगून एक भोंगा आपल्या घराकडे वळवून घेतला. त्या दिवशी तुझा आवाज असा आला की जसा तू माझ्या उशाशी बसून वाचते आहे. आणि मी काय केलं? मला वाटलं, ही मला डिवचते आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी बांबू घेऊन गेलो आणि भोंग्याचं तोंड नाल्याकडे करून आलो. साठ वर्षांचा माणूस, भर उन्हात बांबू घेऊन भोंगा ढकलतो. कुत्री भुंकत होती.

तू संध्याकाळी पाहिलं. माईकवाल्याला म्हणाली, "बुढ्याच्या कानाले तरास होते. राहू दे माईक." त्या दिवसापासून तू बिनमाईकचं वाचू लागली. आता आत बसलेल्यांनाच ऐकू यायचं.

मी फसलो. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकची कॅन घेतली आणि विहाराच्या मागच्या हातपंपावर गेलो. खिडकी तिथंच उघडते. ओट्यावर बसून ऐकलं, तुझं वाचणं संपायच्या आधी कॅन भरून परत. मग रोजच. एक दिवस तू म्हणाली, "घरी नळ असून हातपंपाचं पानी काऊन आनून राह्यले जी?"

"नळाचं मचूळ लागते."

"आज लागून राह्यलं का पह्यलेपासून?"

"पानी प्यायचं का नाई तेबी इचारून प्यावं का?"

तू कॅन उचलून माठात ओतली. ते पाणी तू दर वर्षावासात स्वैपाकाला वापरलं. तुला कळलं होतं का? मी कितीदा विचार केला. कळलं असतं तर तू हसली असती. तुला हसू दाबता यायचं नाही.

आणि पानाचं सांगतो. मला कळलं होतं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास विहाराला चुना मारायला घेतला. सामान बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. ग्रंथ कपड्यात बांधलेला होता. बाकीचे चहाला गेले तेव्हा मी सोडला. ते पान शोधायला वेळ लागला नाही, कडा सुईनं थोड्या कुरतडल्या होत्या. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचलं. सगळं होतं. तू एक शब्द वाढवला नव्हता, एक कमी केला नव्हता. छापील होतं, शाईत होतं. 'तिचा अपमान करू नये' या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं तेव्हा लोकं चहा पिऊन आली. मी ग्रंथ बांधला आणि चुन्याची बादली उचलली.

घरी येऊन सांगायला काय जात होतं? 'अवं, तू बरोबर होती.' चार शब्द. मी जिनात वीस वर्षं ओरडलो, पाचशे माणसांसमोर भाषण केलं, आणि हे चार शब्द माझ्या घशाखालून वर आले नाहीत. आज येतील, उद्या येतील. मग आपण सांगितलं नाही याचीच लाज वाटायला लागली, आणि ती पहिल्या लाजेपेक्षा मोठी झाली.

तू मात्र थांबली नाही. विहारातून बचत गटात, गटातून ग्रामसभेत. नळाच्या पाण्यासाठी तू ग्रामसभेत उठून बोलली, तेव्हा सचिव म्हणाला, "बाई, मुद्द्याचं बोला." तू म्हणाली, "पानी हाच मुद्दा होय साहेब, तुमी बाटलीचं पेता म्हनून तुमाले तो दिसत नाई." ते गावात महिनाभर फिरलं. मला मात्र दुसऱ्याकडून ऐकावं लागलं.

मग तो वर्ध्याजवळ सिंदी मेघेला बचत गटांचा कार्यक्रम. वर्ध्याहून बाई आली होती तुला न्यायला. मोठा मंडप, सगळ्या तालुक्यांतल्या बाया. तू मला दोनदा म्हणाली, "चाला ना जी, मांगं बसून राहा." मी म्हटलं, मले काम आहे. काम काही नव्हतं. संध्याकाळी तू आली. ऑटोतून उतरली, हातात सुकलेलं गुलाबाचं फूल. चपला काढता काढता म्हणाली, "पाय कापून राह्यले होते जी, पन आवाज नाई कापला." तुझं तोंड असं फुललं होतं, जसं लग्नातही नव्हतं. मी म्हटलं, "सकाळच्या वरनात मीठ नोतं."

चार दिवसांनी पुलगावच्या बाजारात नामदेव भेटला. त्याची सून त्या कार्यक्रमाला गेली होती. म्हणाला, "काय बे, तुह्या बायकोनं स्टेजवर तुहीच तारीफ केली."

"कायची तारीफ?"

"सांगे का, मी फाटक्या कागदावर वाचाले शिकली. अन् माह्या मालकाले वाचता नोतं येत, पन त्याईनं माह्यासाठी बाजारात जाऊन फाटलेल्या पेपरचा दुसरा तुकडा ढुंढला. म्हने, तवापासून मले वाटे का वाचनं काई पाप नोय. बाया रडल्या म्हनते."

दुकानदारानं तुला कधीचं सांगितलं असणार. मी भाजी न घेता घरी आलो. तू अंगणात शेंगा फोडत होती. मी तुझ्याजवळ बसलो. दोन-चार शेंगा मीही फोडल्या. तू म्हणाली, "काय झालं जी? तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, "बरी आहे." तेव्हा बोलायचं होतं, सुमन. त्या दिवशी अगदी ओठावर होतं. तेव्हाच शेजारची म्हैस सुटून आली आणि तू काठी घेऊन धावली.

शेवटच्या आठ दिवसांत तुला बोलता येत नव्हतं. सेवाग्रामला दवाखान्यात नळी होती तोंडात. मी बाजूला स्टुलावर बसायचो. तुझ्या कानाशी जाऊन सांगितलं असतं, पण मला वाटलं, आता सांगितलं तर ही समजेल की आता आपण यातून जगत नाही. म्हणून नाही सांगितलं. हे एक कारण तरी मला खरं वाटते. बाकी सगळे बहाणे होते.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवा विहारात झाला. तुझा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. भंतेजींनी वंदना घेतली. बाया बोलल्या, ज्यांनी आयुष्यात माईक धरला नाही त्या बोलल्या, आणि प्रत्येकीनं सांगितलं की तिला तू उभं केलं. मग समितीच्या पोरानं माईक माझ्या हातात दिला. माणसं दोनशेच्या वर होती, आणि त्या दिवशीचे चाळीस, त्यातले जेवढे आहेत तेवढे सगळे होते. बारा वर्षं जी संधी मागत होतो ती समोर होती. मी उभा राहिलो. बारा वर्षांनी त्या ठिकाणी उभा होतो.

मी दहा मिनिटं बोललो. मोठ्या आवाजात, बिनकागदाचा. तुझ्या हातची भाकर, तुझी मेहनत, मी जिनात कसा राबलो, मी तुला विहारात कसं वाचू दिलं. हो, 'वाचू दिलं' म्हटलं मी. लोकांनी माना हलवल्या. खाली बसलो तेव्हा सुधीर म्हणाला, "चांगलं बोलले बाबा." लीलाबाई समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काल सकाळी उजाडल्यावर मी तोंड धुतलं, टोपी घातली आणि खाटेवर बसून आठवलं, त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं. भिंतीशी कोण, खांबाशी कोण, दाराशी कोण. चाळीसमधले चौदा गेले. मास्तर गेले. काही पुण्याला, नागपूरला गेले. गावात एकोणीस उरले. मी पहिलं नामदेवचं घर घेतलं. तो दात घासत होता.

"नामदेव, सुमननं ते घरून लिवून नोतं आनलं. ग्रंथात होतं. म्या खोटं बोललो."

तो थुंकला, तोंड पुसलं. "कोनतं बे?"

मी सगळं सांगितलं. पानं, सुई, सगळं. तो डोकं खाजवत म्हणाला, "असं झालतं? मले याद नाई. पन तू उठून गेलता एकदा, ते याद आहे. आमाले वाटलं, तुले पोटात दुखून राह्यलं."

दुसऱ्या घरी म्हणाले, "जाऊ द्या जी, झालं ते झालं," आणि काय झालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या घरी चहा पाजला. चौथ्या घरी बाई रडायला लागली, पण ती तुझ्या आठवणीनं. कोणाला काही आठवत नव्हतं. बारा वर्षं मी ज्या चाळीस माणसांच्या भीतीनं वाचनाला गेलो नाही, त्यांना ते घरी पोचेपर्यंतही आठवलं नसेल.

नववं घर लीलाबाईचं. ती गहू निवडत होती. मला पाहून बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "मले याद आहे भाऊजी."

"मंग तुमी तरी..."

"आयका. त्या दिवशी तुमी गेल्यावर ती इथंच, माह्या ओट्यावर येऊन बसली. लय रडली. मले वाटलं, तुमी खोटं पाडलं म्हनून रडून राह्यली. तं म्हने, लीला, मले मालूम होतं त्याईले बारीक अक्षर जमत नाई, तरी म्या पुस्तक त्याईच्या तोंडासमोर धरलं. चाळीस मानसांत म्या त्याईले उघडं पाडलं. मले त्याईची माफी मागाची आहे. म्या म्हटलं, माग मंग. तं म्हने, तो विषय काढला का त्याईले पुन्ना लाज वाटन." लीलाबाईनं डोळे पुसले. "बारा वर्सं हेच. दर वर्सी ते पान आलं का तिचा आवाज बसे."

ते मी खिडकीबाहेर बसून ऐकलं होतं. मला वाटायचं, तिथं अक्षर पुसट असेल.

लीलाबाई आता म्हणाली, "बसा, पानी आनते." मी नको म्हटलं. दहा घरं राहिली होती आणि लोकं वावरात जायच्या आधी गाठायची होती. तिच्या ओट्यावरून उतरलो आणि पुढच्या दारात गेलो. तिथला माणूस सायकलवर टांग टाकतच होता. मी त्याचा हँडल धरला. म्हटलं, "थांब बाप्पा, खाली उतर. माह्या बायकोची गोष्ट आहे, उभ्यानं सांगता नाई येत."